'प्रतिकारशक्ती' या शब्दाने केलेला घोळ

2020 च्या जून महिन्यात ब्रिटनमधल्या एका मोठ्या औषधचाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. कोविडच्या हजारो रुग्णांवर वेगवेगळी औषधं तपासली जात होती आणि त्यातल्या एकाने मृत्यू कमी करून दाखवले. व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांचे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने घटले. औषध नवं नव्हतं आणि महागही नव्हतं. डेक्सामेथासोन नावाचं ते जुनं, स्वस्त स्टिरॉइड. त्याचं मुख्य काम काय, तर शरीराची प्रतिकारयंत्रणा दाबून धरणं.

ते महिने आठवून पाहा. जगभर 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा एकच जप चालला होता. गोळ्या, चूर्णं, अर्क, पेयं, सगळ्यांवर तेच दोन शब्द छापलेले. आणि त्याच वेळी अतिदक्षता विभागातले डॉक्टर रुग्णाला वाचवण्यासाठी तीच 'शक्ती' खाली आणत होते. त्याच चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांना प्राणवायूची गरजच पडली नव्हती, अशा रुग्णांना या औषधाचा काही फायदा झाला नाही. म्हणजे आजाराच्या सुरुवातीला जी यंत्रणा माणसाला हवी असते, तीच पुढे आवरली नाही तर त्याच्या फुप्फुसांवर उठते.

माझं म्हणणं असं की घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. रोगप्रतिकार'शक्ती' म्हटलं की डोळ्यांपुढे दंडातलं बळ येतं आणि बळ जितकं जास्त तितकं चांगलं असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात शरीर जे करतं ते ओळखणं आहे, शिकणं आहे, लक्षात ठेवणं आहे आणि वेळेवर थांबणं आहे. यातली एकही गोष्ट चमच्याने वाढत नाही. आणि रोगप्रतिकार हे जर मुख्यतः शिकणं असेल, तर त्याला काय शिकवायचं, कुठल्या किमतीत शिकवायचं आणि कुणी शिकवायचं हा साऱ्या समाजाचा प्रश्न ठरतो. घरात कुठली बाटली आणायची एवढ्यावर तो मिटत नाही.

सुरुवात अगदी वरच्या थरापासून करू. कातडीचा बाहेरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि तो सतत झडत राहतो, सोबत वर बसलेले जंतूही झडतात. श्वासनलिकेत चिकट स्राव असतो आणि त्याखाली सूक्ष्म केसांसारख्या तंतूंची अखंड लाट चाललेली असते. आत शिरलेली धूळ आणि जंतू ती लाट वर घशाकडे ढकलत राहते. धूम्रपानाने नेमकी हीच लाट मंदावते. अश्रूंमध्ये जिवाणूंची भिंत विरघळवणारं लायसोझाइम असतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते 1922 साली, पेनिसिलिनच्या शोधाआधी, जगापुढे मांडलं. आणि जठरातलं आम्ल. पटकीच्या जंतूंवर स्वयंसेवकांमध्ये झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की आम्ल शाबूत असताना रोग व्हायला प्रचंड संख्येने जंतू पोटात जावे लागतात. आम्ल निष्प्रभ केलं की त्याच्या हजारोपट कमी जंतू पुरतात.

या शेवटच्या गोष्टीकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचं आहे. जंतू किती आत गेले, यावर पुष्कळ काही ठरतं. एक घोट दूषित पाणी आणि रोज दूषित पाणी यात शरीराच्या दृष्टीने फार फरक आहे. ज्याच्या नळाला स्वच्छ पाणी येतं आणि ज्याच्या खोलीत दोन माणसं झोपतात, त्याच्या 'शक्ती'ची परीक्षा होते ती वेगळी. ज्याच्या वाट्याला गढूळ पाणी आणि एका खोलीत आठ माणसं येतात, त्याची वेगळी. दुसरा जास्त वेळा आजारी पडतो तेव्हा आपण सहज म्हणून जातो, याची प्रतिकारशक्ती कमी आहे. असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्याच्या शरीराने कदाचित पहिल्यापेक्षा दसपट काम केलेलं असतं.

वरचा थर ओलांडला गेला की पुढे काय होतं, हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं एली मेचनिकोव्ह यांनी. साल 1882, ठिकाण सिसिली बेटावरचं मेसिना. तारामाशाची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात. मेचनिकोव्हांनी त्यांच्या अंगात झाडाचे बारीक काटे टोचून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. परकी वस्तू घेरून गिळणाऱ्या भक्षक पेशींची कल्पना तिथून उभी राहिली, आणि 1908 साली त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल मिळालं. या भक्षक पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी आपल्या हाडांतल्या मज्जेत दररोज सुमारे 10 हजार कोटी तयार होतात. त्यांचं रक्तातलं आयुष्य साधारण एका दिवसाचं. जखमेतून येणारा पू पाहून आपल्याला किळस येते, पण त्यात मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल पेशीच असतात. आपल्यासाठी गेलेल्यांचीच ती प्रेतं.

इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, ती सांगायला हवी. आपण ज्याला आजार म्हणून ओळखतो त्यातला मोठा भाग जंतूने केलेला नसतो, आपल्याच शरीराने केलेला असतो. लाली, सूज, हाताला गरम लागणं, ठणका ही दाहाची चार लक्षणं सेल्सस या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली आहेत. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल होतात आणि पेशी व द्राव जखमेकडे झरतात, म्हणून हे सगळं होतं. नाक वाहणं, अंग दुखणं, जेवण नकोसं होणं, पडून राहावंसं वाटणं, हाही शरीराने आपणहून दिलेला प्रतिसाद आहे. या लढाईत सुक्याबरोबर ओलंही जळतं. न्यूट्रोफिल जी रसायनं जंतूंवर सोडतात ती शेजारच्या निरोगी पेशींनाही भाजून काढतात.

तापाचंही तसंच. 1975 साली मॅथ्यू क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना या सरड्यांवर केलेला प्रयोग मला फार आवडतो. सरड्याला अंगातून उष्णता वाढवता येत नाही. ताप हवा असेल तर त्याला उबदार जागी जाऊन बसावं लागतं, आणि जंतुसंसर्ग झालेले सरडे खरोखर तसं करतात. क्लूगर यांनी संसर्ग झालेले सरडे वेगवेगळ्या ठरावीक तापमानांत ठेवले. जास्त तापमानातले बरेच जगले, थंड तापमानातले बहुतेक मेले. ताप हे शरीराने योजलेलं साधन आहे, याचा इतका सरळ पुरावा क्वचित सापडतो. याचा अर्थ ताप अंगावर काढावा असा मात्र कुणी घेऊ नये. तान्ह्या बाळाचा ताप, उतरतच नसलेला ताप, शुद्ध हरपवणारा ताप यांना डॉक्टरच लागतो. एवढंच की थोडी कणकण आली की घाबरून तिला शत्रू समजण्याचं कारण नाही.

आतापर्यंत सांगितलेली यंत्रणा जन्मजात आहे. ती जंतूंच्या ठरावीक खुणा ओळखते. जिवाणूंच्या भिंतीत असणारे आणि आपल्या पेशींत कधीच नसणारे काही रेणू असतात, त्यावरून तिला कळतं की कुणी परकं आलं आहे. या खुणा ओळखणाऱ्या ग्राहकांचा, म्हणजे ठरावीक रेणू पकडणाऱ्या पेशीवरच्या रचनांचा, उलगडा 1990 च्या दशकात झाला, फळमाश्यांवर आणि उंदरांवर. ज्युल्स हॉफमन आणि ब्रूस बॉयटलर यांना त्यासाठी 2011 चं नोबेल मिळालं. त्याच पारितोषिकाचा उरलेला अर्धा भाग राल्फ स्टाइनमन यांचा होता. ही जन्मजात यंत्रणा आणि नव्याने शिकणारी दुसरी यंत्रणा, या दोन्हींमधला निरोप्या त्यांनी शोधला होता. डेंड्रिटिक पेशी नावाचा हा निरोप्या जखमेतून जंतूचा तुकडा उचलतो आणि जवळच्या लसिका ग्रंथीत घेऊन जातो. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते अवधाण म्हणजे पोचलेल्या निरोपाची खूण. त्या गाठीत पेशींची शोधाशोध चालू झालेली असते आणि जी सापडली तिची प्रजा वाढत असते, म्हणून ती सुजते.

शोधाशोध कसली? इथे माझ्या मते जीवशास्त्रातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट येते.

शरीराला पुढे कुठला जंतू भेटणार आहे हे कुणालाच माहीत नसतं. काही विषाणू तर अजून जन्मलेलेही नसतात. तरीही जवळजवळ कुठल्याही परक्या रेणूला बिलगणारं प्रतिद्रव्य आपल्याला बनवता येतं. मानवी जनुकांची संख्या मात्र 20 हजारांच्या आसपास. इतक्या थोड्या जनुकांतून कोट्यवधी प्रकारची प्रतिद्रव्यं निघतात कुठून? सुसुमु तोनेगावा यांनी 1976 मध्ये दाखवून दिलं की प्रतिद्रव्याचं जनुक आपल्याला तयार मिळतच नाही. त्याचे तुकडे मिळतात. प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींना बी-पेशी म्हणतात; प्रत्येक बी-पेशी वाढताना ते तुकडे कापते, आपल्या मर्जीने निवडते आणि जोडते, जोडताना सांध्यावर थोडी भरही घालते. बाराखडीच्या मूठभर अक्षरांतून लाखो शब्द व्हावेत तसं. संसर्ग झालेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या टी-पेशीही आपले ग्राहक याच पद्धतीने घडवतात. यातले बहुतेक शब्द कधी कुणी उच्चारत नाही, ती पेशी तशीच मरून जाते. पण एखादा दिवस असा येतो की गाठीत आलेला जंतूचा तुकडा एका पेशीच्या ग्राहकात नेमका बसतो. मग ती एकटी पेशी विभागत जाते, एकीच्या हजारो होतात. फ्रँक बर्नेट यांनी ही निवडीची कल्पना 1957 सालीच मांडून ठेवली होती.

या साऱ्याला दिवस लागतात, आठवडाही लागतो. जंतू तोवर थांबत नाही. नव्या रोगात माणूस दगावतो तो बऱ्याचदा या मधल्या दिवसांत. तहान लागल्यावर विहीर खणायला घ्यावी तशी शरीराची स्थिती असते, आणि लस म्हणजे ती विहीर आधी खणून ठेवणं. लशीने शरीरात बाहेरची कुठलीही शक्ती भरली जात नाही. योग्य पेशी शोधून वाढवण्याचं, तिला सराव देण्याचं काम शरीरच करतं. लस त्याला फक्त धडा पुरवते. लशीला 'कृत्रिम' आणि आजाराला 'नैसर्गिक' म्हणणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यायला हवं. दोन्हींत शिकणारं शरीर तेच असतं. शिकण्याची फी तेवढी वेगळी असते.

फीकडे वळण्याआधी आवरण्याबद्दल बोललं पाहिजे, कारण 'वाढवा, वाढवा'च्या गजरात तेच हरवतं.

पेशी आपले ग्राहक असे अंदाधुंद जुळवतात म्हटल्यावर त्यातले काही स्वतःच्याच शरीरावर नेम धरणारे निघणार, हे उघड आहे. त्यासाठी छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे. 1961 पर्यंत तिचा काही उपयोग आहे असंच कुणाला वाटत नव्हतं. जॅक मिलर यांनी नवजात उंदरांतली ही ग्रंथी काढून तिचं काम दाखवलं. टी-पेशी इथे परीक्षेला बसतात. ज्यांना काहीच ओळखता येत नाही त्या गळतात आणि ज्या स्वकीयांवर जोरात तुटून पडतात त्याही गळतात. 100 पैकी 95 हून अधिक पेशी इथेच मरतात. यंत्रणेला निव्वळ बळच हवं असतं, तर आपल्याच सैन्याचा एवढा मोठा भाग तिने मारून टाकला असता का?

एवढं करूनही काही चुकार पेशी सुटतातच. त्यांना बाहेर आवरणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, हे शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये दाखवलं. मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी 2001 मध्ये त्यामागचं जनुक शोधलं. हे जनुक बिघडलेल्या बाळांत प्रतिकारयंत्रणा मोकाट सुटते आणि अवयवांमागून अवयव गिळत जाते. या तिघांना 2025 चं नोबेल मिळालं. बळ वाढवण्यासाठी ते मिळालेलं नाही. लगाम शोधल्याबद्दल मिळालं आहे.

लगाम सुटला की कुंपणच शेत खातं. टाइप-1 मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी आपल्याच टी-पेशी मारतात. संधिवाताच्या एका प्रकारात सांधे झिजतात, ल्युपस नावाच्या आजारात मूत्रपिंड तावडीत सापडतं. आणि सेप्सिसमध्ये संसर्गाला दिलेला बेताल प्रतिसादच अवयव बंद पाडतो; 2017 या एका वर्षात जगभर सुमारे 4 कोटी 89 लाख लोकांना सेप्सिस झाला आणि 1 कोटी 10 लाख गेले, असा अंदाज आहे. ल्युपसचा त्रास असलेल्या माणसाला भेटायला येणारे लोक प्रेमाने 'प्रतिकारशक्ती वाढवणारं काहीतरी घे' असं सांगतात. ज्या गोष्टीने त्याचं मूत्रपिंड पोखरलं तीच वाढवण्याचा तो सल्ला असतो, आणि सांगणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. दोष सांगणाऱ्याचा मुळीच नाही. त्याला हा शब्द इतक्या वेळा ऐकवला गेला आहे की त्याचा अर्थ विचारायची गरजच वाटेनाशी झाली.

म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. एखाद्या डब्यावर 'प्रतिकारशक्ती वाढवते' असं छापायचं असेल, तर काय वाढतं ते सांगा. न्यूट्रोफिल? कुठलं प्रतिद्रव्य? आवरणाऱ्या पेशी की मारणाऱ्या? ते वाढल्याने कुठला आजार किती कमी झाला आणि ते कुठल्या चाचणीत दिसलं? औषधाला जो पुरावा मागतो तो या दाव्यालाही मागायला हवा. मिळत नसेल तर तो दावा छापू देऊ नये. याला व्यापारात ढवळाढवळ म्हणणारे भेटतील. पण आजारपणाच्या भीतीवर माल खपवला जातो तिथे नियम कडक असणं हीच माणसांबद्दलची आस्था आहे.

आपल्या हाती मग काहीच नाही का? आहे, पण ते उणीव भरून काढण्यापुरतं. कुपोषणाने प्रतिकारयंत्रणा खरोखर दुबळी होते. अ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या मुलाला गोवर फार जड जातो, म्हणून गोवराच्या उपचारात ते जीवनसत्त्व देण्याची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. झोपेचंही तसंच. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला गेला. रात्री सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या मानाने सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून अधिक निघाली. पण उणीव भरून काढणं आणि पुरेसं असताना वर ओतत राहणं यात अंतर आहे. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या रोज घेणाऱ्या सर्वसामान्य लोकांना सर्दी कमी वेळा होते असं अनेक चाचण्या एकत्र तपासूनही दिसलेलं नाही. झालेली सर्दी थोडी लवकर सरते, प्रौढांत सुमारे 8 टक्क्यांनी, एवढंच. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतलं तर ते खालीच सांडतं.

आता स्मरणाबद्दल, आणि तिथून त्या फीबद्दल.

1846 मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवर आला. पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे पाठवला गेला. सुमारे 7,800 वस्तीपैकी 6,000 च्या आसपास लोक आजारी पडले. त्याआधी बेटांवर गोवर येऊन गेला होता तो 1781 साली. पानुमच्या लक्षात आलं की 65 वर्षांपूर्वी ज्यांना गोवर होऊन गेला होता त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झालेला नाही. मधल्या साऱ्या काळात बेटांवर गोवर नव्हता, म्हणजे अधूनमधून उजळणी होण्याचीही सोय नव्हती. शरीराने एकदा शिकलेला धडा 65 वर्षं जपून ठेवला होता. 1918 च्या इन्फ्लुएंझातून वाचलेल्यांच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्यं 90 वर्षांनीही सापडली, हे 2008 च्या एका अभ्यासात दिसलं.

हे वाचून कुणी म्हणेल, मग गोवर होऊनच जाऊ द्या की, आयुष्यभराची बेगमी होते. या युक्तिवादाला उत्तर द्यायला मी टाळणार नाही, कारण तो मनापासून करणारे आईबाप मी पाहिले आहेत. बेगमी होते हे खरं. पण गोवराचा विषाणू नेमका स्मरण ठेवणाऱ्या पेशींनाच गाठतो. 2019 मध्ये लस न घेतलेल्या मुलांचं गोवरापूर्वीचं आणि नंतरचं रक्त तपासलं गेलं, तेव्हा इतर रोगांविरुद्ध कमावलेली 11 ते 73 टक्के प्रतिद्रव्यं पुसली गेल्याचं आढळलं. मूल गोवरातून उठतं, अंगावरचे पुरळ जातात, आणि आधी कष्टाने शिकलेले धडे कोरे होऊन जातात. मग पुढे कधीतरी न्यूमोनिया होतो तेव्हा त्याचा गोवराशी संबंध कुणी जोडत नाही. एक धडा शिकायला अर्धी वही फाडून द्यावी लागते, अशी ही फी आहे. गोवराच्या लशीने मात्र असं पुसलं जात नाही.

धनुर्वाताची गोष्ट याहून बोलकी आहे. धनुर्वात होऊन वाचलेल्या माणसाला त्यापासून पुढे संरक्षण मिळतच नाही. त्याचं विष इतकं जहाल आहे की माणूस मारायला जेवढं पुरतं तेवढं शरीराला ओळख पटवायलाही अपुरं पडतं. म्हणून बरा झालेल्या रुग्णालाही लस द्यावी लागते. निसर्ग उत्तम शिक्षक आहे या समजुतीला इथे आधार उरत नाही.

लशींवरचे दोन आक्षेप मात्र मला गंभीरपणे घ्यावेसे वाटतात. एक, इतक्या लशींचा बाळाच्या शरीरावर ताण येतो. ही काळजी समजण्यासारखी आहे, पण जन्मल्या क्षणापासून बाळाच्या कातडीवर आणि आतड्यात असंख्य जंतू वस्ती करू लागतात, आणि त्याची यंत्रणा त्या सगळ्यांशी ओळख करूनच घेत असते. शिवाय लशी संख्येने वाढल्या तरी त्यांतला मजकूर आटला आहे: डांग्या खोकल्याच्या जुन्या लशीत अख्ख्या जिवाणूची सुमारे 3,000 प्रथिनं असत, नव्या प्रकारच्या लशीत 2 ते 5 असतात. दुसरा आक्षेप दुष्परिणामांचा. ते असतात. तीव्र ॲलर्जीचा झटका दहा लाख मात्रांमागे साधारण एखाद्याला येतो. तोंडाने द्यायच्या पोलिओ लशीतला विषाणू अत्यंत क्वचित का होईना, उलटू शकतो. हे लपवणाऱ्यांनी लसीकरणाचं जितकं नुकसान केलं आहे तितकं विरोधकांनीही केलं नसेल असं मला वाटतं. समाज जर सगळ्यांच्या भल्यासाठी प्रत्येक मुलाला लस टोचायला सांगत असेल, तर लाखांत एकाला झालेल्या इजेची नोंद उघडपणे ठेवणं, त्या घराला भरपाई देणं आणि त्यांना खोटं न पाडणं ही समाजाची जबाबदारी आहे.

सगळ्यांच्या भल्यासाठी, असं का म्हणायचं? कारण काही शरीरं शिकूच शकत नाहीत. डेव्हिड व्हेटर नावाचा अमेरिकन मुलगा 1971 मध्ये प्रतिकारयंत्रणेशिवाय जन्मला आणि बारा वर्षं निर्जंतुक प्लॅस्टिकच्या खोलीत वाढला. बहिणीची मज्जा बसवल्यानंतर काही महिन्यांनी, त्या मज्जेत लपलेल्या एका सर्वसाधारण विषाणूमुळे 1984 मध्ये तो गेला. असं उदाहरण दुर्मिळ, पण त्याच्या अलीकडची माणसं आपल्या आजूबाजूला आहेत: केमोथेरपी चालू असलेलं मूल, मूत्रपिंड बसवलेला आणि ते नाकारलं जाऊ नये म्हणून रोज प्रतिकार दाबणाऱ्या गोळ्या घेणारा माणूस, आईकडून आलेली प्रतिद्रव्यं संपत आलेलं आणि लशीचं वय अजून न झालेलं तान्हं बाळ, थायमस आक्रसून गेलेले आजीआजोबा. यांच्यासाठी कुठलाच डबा कामाचा नाही. त्यांच्याभोवतीची माणसं जेवढी शिकलेली, तेवढं त्यांचं संरक्षण. गोवराचा एक रुग्ण, कुणालाच संरक्षण नसेल तर, 12 ते 18 जणांना तो देतो. म्हणून साखळी तुटायला सुमारे 95 टक्के लोक शिकलेले लागतात. 95 चे 90 झाले की जी दरी पडते तिच्यात आधी हीच माणसं पडतात. 'माझ्या मुलाचं मी बघतो' या वाक्यात त्यांना जागा नाही, आणि म्हणून ते वाक्य मला अपुरं वाटतं.

तापाने फणफणलेल्या कामगाराला रोजगार न बुडता घरी बसता यावं, ही बाबही मी यातच धरतो. अंगात विषाणू घेऊन तो कामावर येतो तेव्हा त्याच्या शेजारी कोण बसलं आहे हे त्याला ठाऊक नसतं. स्वच्छ पाणी, खेळती हवा, पगारी आजारपणाची रजा आणि लस, या चारांचा खर्च आपण आरोग्याच्या एकाच खात्यावर मांडायला हवा. 1974 पासूनच्या पन्नास वर्षांत लशींनी 15 कोटी 40 लाख जीव वाचवले असा हिशेब 2024 मध्ये मांडला गेला, आणि त्यातले बहुसंख्य तान्ही बाळं होती.

देवीच्या रोगाचा जगातला शेवटचा नैसर्गिक रुग्ण होता अली माओ मालिन. सोमालियातल्या मेर्का गावच्या रुग्णालयात तो स्वयंपाकी होता, वय 23. ऑक्टोबर 1977 मध्ये देवी आलेल्या दोन मुलांना घेऊन गाडी आली, तेव्हा वाट दाखवायला तो त्यांच्यासोबत काही मिनिटं बसला. रुग्णालयात काम करत असूनही त्याने लस घेतलेली नव्हती, टोचल्यावर दुखेल या भीतीने. दोन मुलांतली सहा वर्षांची मुलगी दगावली. तो मात्र बरा झाला, आणि त्याच्या संपर्कात आलेल्या माणसांचा शोध घेऊन त्यांना लस टोचल्यामुळे रोग त्याच्यापुढे गेला नाही. पुढे कित्येक वर्षांनी तो पोलिओच्या मोहिमेत काम करू लागला. लस नको म्हणणाऱ्या आईबापांसमोर बसून तो स्वतःची गोष्ट सांगायचा, दुखेल म्हणून कसं टाळलं होतं ते. 2013 मध्ये त्याच कामावर असताना तापाने तो गेला.